टेक-कट्टा: दोन डिस्क आणि तिसरी पुण्याला

आईच्या आवाजाच्या कॅसेटी, मुंजीचे व्हिडिओ एकदाचे कॉम्प्युटरवर उतरवलेत ना? मग एकाच हार्ड डिस्कवर ठेवू नका. माझी तशी डिस्क गेली, आणि बाबांनी म्हटलेली आरतीही.

नॅसच्या डबीत ४ टीबीच्या दोन डिस्क घालून रेड-१ लावा. जागा ४ टीबीच मिळेल, पण एक बिघडली तरी दुसरीवर सगळं शाबूत. घेताना सीएमआर आहे ना, ते बघा. एसएमआर डिस्क नव्याने भरताना फार रखडू शकते. दोन्ही एकाच लॉटमधल्या नकोत, जोडीनं आजारी पडायच्या!

मात्र नातवानं फाइल पुसली, तर ती दोन्हीकडून पुसली जाते. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. तिसरी प्रत पुण्याला भावाकडे ठेवा. यंदा जाताना चॉकलेटांशेजारी, हँडबॅगेतच.