बर्फाखालची दहा मिनिटे

बीड जिल्ह्यात बर्फ दिसतो तो गारपिटीत, नाहीतर रसवंतीवर. त्यामुळे हिमस्खलन म्हणजे टीव्हीवरची दूरची बातमी, असा समज होतो. प्रत्यक्षात जिल्ह्यातली तरुण पोरं सैन्यात हिमालयात तैनात असतात आणि चारधाम, अमरनाथला जाणाऱ्यांच्या गाड्या दरवर्षी इथून निघतात. मे २०२३ मध्ये केदारनाथच्या पायवाटेवर हिम कोसळल्याने वाट बंद झाली आणि यात्रेकरूंना थांबवावे लागले होते.

हिमस्खलनात माणूस थंडीने गारठून मरतो, असे बहुतेकांना वाटते. ते तसे नाही. बहुतेक बळी गुदमरून जातात, त्याखालोखाल मार लागून. थंडीचा क्रमांक नंतरचा. वाहताना मऊ दिसणारा बर्फ थांबताच सिमेंटसारखा आवळतो. छाती फुगत नाही, हात हलत नाही. नाकासमोरचा बर्फ श्वासाच्या उबेने वितळतो आणि पुन्हा गोठून तोंडावर काचेसारखा पापुद्रा धरतो. परदेशातील नोंदी सांगतात, की पूर्ण गाडल्या गेलेल्यांपैकी दहा मिनिटांत बाहेर काढलेले दहात नऊ वाचतात. अर्ध्या तासाच्या आसपास हे प्रमाण तिघांत एकावर येते. इतक्या वेळात हेलिकॉप्टर पोहोचत नाही, डॉक्टर तर नाहीच.

म्हणून इथे खरा उपचार अपघाताच्या आधीचा आहे. डोंगरउतारावर बर्फाचे थर एकावर एक साचतात. खालचा थर साखरेसारखा रवाळ आणि सुटा राहिला, वर नव्या बर्फाचे ओझे पडले, की वरची लादी एकदम सुटते. ३० ते ४५ अंशांचे उतार सर्वांत धोक्याचे. मोठ्या हिमवृष्टीनंतरचे एक-दोन दिवस आणि वसंतातल्या उन्हाच्या दुपारी धोका वाढतो.

ही जोखीम आधी ओळखता येते. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी उत्तराखंडात बद्रीनाथजवळच्या माणा येथे रस्त्याच्या कामावरील ५४ मजूर हिमस्खलनात सापडले. ४६ वाचले, ८ दगावले. अनेक जण लोखंडी कंटेनरमध्ये होते. आत हवा उरली म्हणून त्यांचा जीव वाचला. डीआरडीओच्या चंडीगढ येथील संस्थेने आदल्या संध्याकाळीच चमोली जिल्ह्यातील उंच भागासाठी इशारा दिला होता. इशारा होता, माणसे तिथेच होती.

अमरनाथ यात्रेला आरोग्य प्रमाणपत्र सक्तीचे आहे. त्यासाठी लोक रुग्णालयात येतात, रक्तदाब आणि साखर तपासली जाते, शिक्का बसतो. उंचीवरच्या यात्रेत हृदयविकार आणि विरळ हवेचा त्रास हीच मोठी भीती असते, हे खरे. पण त्याच टेबलावर बर्फाबद्दल चार गोष्टी सांगायला दोन मिनिटे लागतात, आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. चारधामच्या गाड्या काढणाऱ्यांनीही निघण्याआधीच्या बैठकीत त्या सांगाव्यात.

इशारा असेल तर मुक्काम वाढवावा. बुकिंगचे पैसे बुडाले तरी चालतील. बर्फाची उतरंड ओलांडायची तर सकाळी लवकर, अंतर ठेवून, एकेकाने. तिथे फोटोसाठी थांबू नये. कुणी गाडले गेले तर ते शेवटचे दिसले तिथून खाली लगेच शोध सुरू करावा, त्याच वेळी एकाने मदतीला फोन करावा. सापडताच आधी नाक-तोंड मोकळे करावे. श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्यावा, छाती दाबावी. हातपाय चोळू नयेत, दारू पाजू नये. शरीर थंडगार लागले म्हणून स्वतःच मृत ठरवू नये. गोठलेली माणसे ऊब दिल्यावर परतल्याची उदाहरणे आहेत.

वीज कडाडली की झाडाखाली थांबू नये, हे बीडच्या शेतकऱ्याला सांगावे लागले आणि अजूनही सांगावे लागते. बर्फाचे तर आपल्याला पिढीजात ज्ञानही नाही. ते प्रमाणपत्राच्या शिक्क्यासोबत देणे अवघड नाही. केदारनाथच्या वाटेवर एक दिवस थांबलेला यात्रेकरू उशिरा पोहोचेल, पण घरी परत येईल.