विषाच्या पुड्या नकोत, बिळे बुजवा!

दिवाळी सरली. खरिपाचे पीक घरात आले, रानात दाणा उरला नाही आणि रात्री गारठू लागल्या. आता शेतातला उंदीर गावाकडे वळतो. त्याला ऊब हवी आणि धान्य हवे. या दोन्ही गोष्टी मिळतात आणि दारे-खिडक्या मात्र मोडक्या असतात, अशी जागा कोणती? आमच्या मुलामुलींचे वसतिगृह!

गेल्या हिवाळ्यात मराठवाड्यातील अशाच एका वसतिगृहात आम्ही मुक्कामी होतो. मुले सतरंज्यांवर ओळीने झोपलेली. मध्यरात्री कोठीघरात खुडबुड सुरू झाली ती पहाटेपर्यंत. सकाळी एका मुलाने कुरतडलेले गणिताचे पुस्तक दाखवले, दुसऱ्याने पायाचा अंगठा. गृहपालांना विचारले तर त्यांनी कपाट उघडून विषाच्या पुड्या दाखवल्या. म्हणाले, "दरवर्षी मागवतो, साहेब." कोठीच्या दाराखाली दोन बोटे फट होती. तिला पत्र्याची पट्टी मारायला मात्र पैसे नाहीत!

मुले जेवतात, झोपतात तिथे झिंक फॉस्फाईड ठेवायचे? त्यावर नेमका उतारा नाही, हे किती गृहपालांना ठाऊक आहे? शिवाय वाट उघडी असेल तर मेलेल्या उंदरांच्या जागी नवे येतात. विषाची खरेदी तेवढी चालू राहते.

हा प्रश्न किरकोळ समजू नये. १८९७ च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखाना गाठणाऱ्या सावित्रीमाईंना त्याच रोगाने आमच्यातून नेले. प्लेग उंदरावरच्या पिसवांतून माणसात येतो, हे पुढच्याच वर्षी पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवून दिले. उंदीर मेला, अंग थंड पडले, की पिसवा दुसरे ऊबदार शरीर शोधतात. तो काळ गेला म्हणावे, तर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर बीड जिल्ह्यातील मामला गावात लोक भीतीने घराबाहेर राहिले, धान्य आत राहिले, उंदीर माजले. आणि ऑगस्ट १९९४ मध्ये तिथे प्लेगच्या गाठींचे संशयित रुग्ण सापडले.

शिसपेन्सिल जाईल एवढ्या फटीतून लहान उंदीर आत येतो; मोठ्याला अर्धा इंच पुरतो. लाकूड, प्लास्टिक, नुसता चिखल तो कुरतडतो. म्हणून दाराच्या तळाला पत्रा, खिडकीला आणि मोरीच्या तोंडाला बारीक लोखंडी जाळी, नळ भिंतीत शिरतो तिथे सिमेंट. धान्य पत्र्याच्या कोठीत, जमिनीपासून वर. आत राहिलेल्यांसाठी पिंजरा. एका गवंड्याचे हे दोन दिवसांचे काम! ते मुलांच्या माथी मात्र मारू नये. घाण उपसायला आमचीच पोरे, हा हिशेब आम्हाला जुना ठाऊक आहे.

गावोगावच्या कार्यकर्त्यांनी या महिन्यात एक रात्र जवळच्या वसतिगृहात काढावी. संध्याकाळी प्रत्येक बिळात कागदाचा बोळा सैलसर कोंबावा. सकाळी बोळा बाहेर ढकललेला दिसला, की ते बीळ वापरात आहे. त्याचा फोटो काढून अर्जाला जोडावा, अर्ज समाजकल्याण कार्यालयात द्यावा, आणि पोच हातात पडेपर्यंत खुर्ची सोडू नये.