पाटी आणि पात्रता

दात दुखू लागला तर दंतवैद्य कोठे बसतो, हे पेडण्यापासून काणकोणपर्यंत कोणीही सांगेल. परंतु मुलगा महिनोन्महिने खोलीबाहेर पडत नाही, सून बाळंतपणानंतर एकाएकी अबोल झाली आहे, घरचा कर्ता पुरुष रात्र रात्र जागून काढतो आहे, अशा वेळी जावे कोणाकडे, हा प्रश्न सुशिक्षित कुटुंबालाही निरुत्तर करतो. मग देवाला कौल लावला जातो, घाड्याला विचारले जाते, आणि गुण येत नाही असे दिसले म्हणजे कोणीतरी सुचवलेल्या 'समुपदेशका'चा पत्ता शोधला जातो. कौलाने मनाला उभारी मिळत असेल तर आमची तक्रार नाही. उपचारास होणारा विलंब मात्र रोग्यालाच भोगावा लागतो.

या क्षेत्रात नावांचा गोंधळही थोडाथोडका नाही. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकाची पदवी घेतलेला डॉक्टर असतो. औषध तो लिहून देतो. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही. मनाच्या चाचण्या घेणे, रोग्याशी ठरावीक पद्धतीने बोलून त्याला त्याच्या गुंत्यातून बाहेर काढणे, हे त्याचे काम. हे काम करणाराचे नाव भारतीय पुनर्वसन परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत असले पाहिजे, असे 1992 चा कायदा सांगतो. एम. ए. नंतर रुग्णालयात राहून करावयाचा दोन वर्षांचा एम. फिल. अभ्यासक्रम हा या नोंदणीकडे जाण्याचा आजवरचा रूढ मार्ग. नोंदणीवाचून व्यवसाय करणारास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद त्याच कायद्यात आहे. एक हजार रुपये! एवढ्या दंडाला कोण भिणार?

समुपदेशक म्हणवून घेणारांची कथा तर याहून सैल आहे. चार आठवड्यांचे वर्ग करून आलेला आणि वर्षानुवर्षे अभ्यास केलेला, दोघांच्या पाट्या रस्त्यावरून सारख्याच दिसतात. अशा व्यावसायिकांना नियमांच्या चौकटीत आणण्यासाठी संसदेने 2021 साली वेगळा कायदा केला. तो इतका रेंगाळला की 2024 साली सर्वोच्च न्यायालयाला केंद्राचे आणि राज्यांचे कान उपटावे लागले.

तोवर नागरिकाने काय करावे? पहिल्याच भेटीत नोंदणी क्रमांक विचारावा, तो परिषदेच्या नोंदवहीत पडताळून पाहावा आणि त्याची मुदत सरलेली नाही ना, हेही पाहावे. सोनाराच्या दुकानात हॉलमार्क निरखून पाहणारे आपण, आपले मन ज्याच्या स्वाधीन करावयाचे त्याला एवढे विचारताना मात्र संकोचतो. खरा जाणकार या प्रश्नाने रागावणार नाही. जो रागावेल त्याचा उंबरठा पुन्हा न ओलांडलेलाच बरा.

गोव्यात अडचण आणखी एक आहे. प्रदेश लहान, ओळखी फार. पूर्वी आल्तिन्यावर आणि आता बांबोळीला असलेल्या मनोरुग्णालयाला लोक अद्याप 'पिशांचे इस्पितळ' म्हणतात. त्याच्या फाटकाशी आपली गाडी कोणी पाहील या धास्तीने माणसे बेळगावची वाट धरतात. रोग्याची माहिती गुप्त राहण्याचा हक्क 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिला आहे खरा, पण गावच्या जिभेला कायदा आवरत नाही. ज्यांना दार ठोठावण्याचाही धीर होत नाही, त्यांच्यासाठी 2022 पासून 14416 या क्रमांकावर सरकारची विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे. आरंभ तेथून करावा.

तज्ज्ञ थोडे आहेत, ही सबब अर्धीच खरी. गोव्यातल्याच आरोग्य केंद्रांत झालेल्या आणि 2010 साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शिकवून तयार केलेल्या सामान्य कार्यकर्त्यांच्या मदतीने नैराश्याचे व चिंतेचे रोगी अधिक संख्येने बरे झाल्याचे दिसले. सरकारी केंद्रांत हा लाभ विशेष स्पष्ट होता. अर्थात त्या कार्यकर्त्यांना निवडून, शिकवून घेतले होते आणि त्यांच्यावर तज्ज्ञांची देखरेख होती, हे विसरून कोणी आपल्या पाटीला त्या अभ्यासाचा टेकू देऊ नये. मोहनिद्रेचे बळ मोहिनी घालणाराच्या हातात नसून रोग्याच्या मनातच असते, हे युरोपला सांगणारे आबे फारिया कांदोळीचे. त्यांचा पुतळा 1945 पासून पणजीत उभा आहे. त्याच पणजीत आज योग्य मानसशास्त्रज्ञ सापडावा यासाठी ओळखीपाळखी काढाव्या लागतात.

यावर उपाय 2017 च्या कायद्यातच लिहिलेला आहे. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ, मानसोपचार परिचारिका आणि मानसोपचार समाजसेवक यांची नोंदणी करून ती यादी प्रसिद्ध करणे, हे राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. ही यादी तालुकावार, मराठीत आणि कोकणीत, प्रत्येक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर, लसीकरणाच्या वेळापत्रकाशेजारी लागली पाहिजे. तिच्यात नाव, नोंदणी क्रमांक, बसण्याचे वार आणि शुल्क एवढे असले म्हणजे पुरे. यासाठी नवा विभाग नको की नवी इमारत नको. दर सहा महिन्यांनी ती सुधारण्याची जबाबदारी कोणत्या अधिकाऱ्याची, एवढे आरोग्य खात्याने आदेश काढून ठरवावे, आणि त्या अधिकाऱ्याचे नावही यादीच्या तळाशी छापावे.