जून महिन्यातील पोटदुखी

चौथीपर्यंतच्या शाळेतून मूल पाचवीसाठी हायस्कुलात जाते, तेव्हा घरात चर्चा होते ती गणवेशाची, रिक्षाची आणि शिकवणीची. मुलाच्या दृष्टीने घडलेला बदल याहून पुष्कळ मोठा असतो. आजवर एकच बाई बहुतेक सर्व विषय शिकवीत. मूल रुसले तर त्यांना न सांगता कळे. आता दर तासाला नवे शिक्षक येतात आणि भरलेल्या वर्गात त्यांना प्रत्येकाचे नाव ठाऊक होईपर्यंत दिवाळी उजाडते. कालपर्यंत शाळेत सर्वांत मोठे असलेले मूल एकाएकी सर्वांत लहान ठरते. त्यातच जिवलग मित्र दुसऱ्या तुकडीत जातो.

अशा वेळी पहिल्या काही आठवड्यांत अनेक मुलांचे पोट सकाळी दुखू लागते. ताप नसतो, रविवारी तक्रार नसते आणि शाळेची वेळ टळली की मूल खेळायला लागते. आईवडील कामावर निघण्याच्या घाईत असल्याने हे सारे बहुधा आजी-आजोबांच्याच दृष्टीस पडते. ‘सोंग करतो आहे’ असे आपल्या पिढीला चटकन वाटते. ते बरोबर नव्हे. भीतीच्या वेळी ॲड्रेनलिनसारखी संप्रेरके स्रवतात, आतड्यांची हालचाल बदलते आणि पोटात खरोखरच कळ येते.

आणखी एक कारण मुले लाजेने बोलत नाहीत, ते म्हणजे नव्या शाळेतील स्वच्छतागृह. तेथे घाण असते, कडी लागत नाही किंवा दाराशी मोठी मुले उभी असतात. मग मूल दिवसभर पाणी पीत नाही, लघवी व शौच रोखून धरते. त्यातून बद्धकोष्ठता होते, डोके दुखते. मुलींना मूत्रमार्गाचा जंतुसंसर्गही होऊ शकतो. संध्याकाळी दप्तरातील पाण्याची बाटली आजीने नुसती उचलून पाहावी. ती रोज भरलेलीच परत येत असेल, तर शाळेत जाऊन त्याविषयी अवश्य बोलावे.

‘आज काय शिकवले?’ या प्रश्नाला ‘काही नाही’ हेच उत्तर मिळते. त्यापेक्षा ‘डबा कोणाबरोबर खाल्लास?’ असे विचारावे. ‘एकट्यानेच’ हे उत्तर वरचेवर येऊ लागले, तर वर्गशिक्षकांची भेट घ्यावी. ‘आम्ही चार मैल चालत शाळेत जात होतो’ ही कथा सांगायचीच असेल, तर त्या वाटेवर आपल्याला कशाची भीती वाटे, तेही सांगावे. मुले तेवढा भाग कान देऊन ऐकतात.

पोट दुखते म्हणून मुलाला वारंवार घरी ठेवू नये. त्याने भीती वाढते. या वयात ९ ते १२ तास झोप लागते, ती मिळते का, हेही पाहावे. मात्र उलट्या होणे, वजन घटणे, शौचातून रक्त जाणे किंवा झोपेतून जागे करणारी वेदना असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे. मूल दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास राहिले, खेळ व मित्र टाळू लागले, तरीही डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ‘मी नसतो तर बरे झाले असते’ असे शब्द त्याच्या तोंडून आले, तर ते रागाच्या भरातले समजून सोडून देऊ नयेत. मुलाला एकटे न ठेवता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. केंद्र शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६ हा आहे. तो निःशुल्क असून चोवीस तास चालू असतो आणि तेथे मराठीत बोलता येते.