चाकांना वेसण हवीच
२०१५च्या नाताळात अमेरिकेत हॉवरबोर्डची, म्हणजे विजेवर चालणाऱ्या दुचाकी फळीची, लाट आली आणि महिन्याभरात तिथल्या अनेक विद्यापीठांनी ते आवारात आणायला मनाई केली. धास्ती होती आगीची. पलंगाशेजारी चार्जिंगला लावलेली लिथियम-आयन बॅटरी रात्री पेटली, तर वसतिगृहाचा अख्खा मजला धोक्यात येतो. याच धोक्यामुळे जुलै २०१६ मध्ये पाच लाखांहून अधिक हॉवरबोर्ड परत मागवावे लागले. म्हणजे ती भीती अनाठायी नव्हती. बॅटरी नसलेल्या साध्या स्केटबोर्डला मात्र आवारातून सरसकट हद्दपार करणं मला पटत नाही. पण धोका फक्त आगीचा नाही. पांढरी काठी टेकत वर्गाकडे निघालेल्या विद्यार्थ्याला मागून आवाज न करता येणारी ई-स्कूटर कशी कळणार? गर्दीच्या वाटेवर उतरून चालायलाच हवं. आणि अमेरिकेत शिकणाऱ्या मुलामुलींनो, रात्री झोपताना चार्जर काढून ठेवा.