फोर बाय फोर म्हणजे ब्रेक नव्हे



‘पावसात फोर बाय फोर लावून ठेवा, चाकं लॉक होणार नाहीत’ हा गेल्या अंकातल्या पत्रातला सल्ला पूर्व द्रुतगती मार्गावर कुणी पाळू नये. ब्रेक चारही चाकांना एरवीही लागतोच. फोर बाय फोर फक्त इंजिनाची ताकद वाटतो. उलट जुन्या थारसारख्या पार्ट-टाइम फोर बाय फोर गाडीत तो लावला की पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांशी जखडले जातात. मागची चाकं अडली की पुढचीही अडू पाहतात, मग स्टिअरिंग नावापुरतंच.

‘सरळ टायर बदला’ हा सल्लाही घाईचाच. आधी ब्रेक लावल्यावर कोणतं चाक अडतं ते पाहा. मागचं एकच अडत असेल तर ड्रम उघडा: सील गळून शूला तेल लागलेलं असतं, नाहीतर हँडब्रेकची केबल फार ताणलेली. मागची दोन्ही अडत असतील तर त्यांचा दाब आवरणारा व्हॉल्व्ह तपासा. हौसेनं सस्पेन्शन उंच केलं असेल (मुलुंडच्या रस्त्यांवर चढायला डोंगर कुठला?) तर वजनावर चालणाऱ्या व्हॉल्व्हचं गणित हमखास बिघडतं.

एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना चाकं अडू न देणारं एबीएस सक्तीचं आहे. तरी चाक घसरत राहिलं तर चाकाजवळचा सेन्सर आणि त्याची वायर आधी बघा.

– एक वाचक, मुलुंड (पूर्व)