संयोगचिन्हाला लोंबकळणारा कुमार

आपल्याकडे ‘बाल-कुमार साहित्य’ असा जोडशब्द रूढ आहे. संमेलनेही त्याच नावाने भरतात. या शब्दातला बाल आपल्या जागी सुखरूप आहे. कुमार मात्र नुसता संयोगचिन्हाला लोंबकळतो आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आठ वर्षांचा मुलगा आणि पंधरा वर्षांची मुलगी यांना एकाच पंगतीला बसवून तेच ते वाढण्याची आपली सवय फार जुनी आहे.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घ्या. फुरसुंगीचा हा बनेश पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, सायकल दामटतो, चोरांचा माग काढतो. भागवतांच्या गद्याचा वेग आजही हेवा वाटावा असा आहे. परंतु पुस्तकामागून पुस्तके येतात, तरी बन्याचा आवाज काही फुटत नाही. (2017च्या चित्रपटात तो मोठा झाला, पण एकदम वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या वयाचाच! मधली वर्षे तिथेही गाळलेलीच.) साहसकथेचा नायक मोठा झालाच पाहिजे असे नाही. तक्रार आहे ती साहसकथेलाच कुमारांचे संपूर्ण साहित्य समजून बसणाऱ्या आपणा प्रौढांबद्दल.

ती गाळलेली वर्षे मराठीत लिहिलीच गेली नाहीत, असे मात्र नव्हे. ती लिहिली गेली, पण प्रौढांसाठी. प्रकाश नारायण संतांचा लंपन ‘वनवास’पासून आई-वडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे वाढतो. त्याचे ते ‘मॅड’ होणे, सुमीविषयीची नाव नसलेली ओढ हे सारे अस्सल आहे. तरीही लंपनच्या मागे एक प्रौढ माणूस उभा आहे आणि त्याला हे सगळे हरवल्याचे ठाऊक आहे, हे वाचताना सतत जाणवते. त्या जाणिवेने आपले डोळे पाणावतात. तेरा वर्षांच्या मुलाचे का पाणावावेत? त्याचे तर अजून काहीच हरवलेले नसते.

मिलिंद बोकीलांची ‘शाळा’ (2004) इथेच वेगळी ठरते. काळ आणीबाणीचा, मुकुंद जोशी नववीत. त्याला जे कळत नाही ते लेखकही त्याच्या डोक्यावरून आपल्याला कळवत नाही. अर्धवट बांधलेल्या इमारतीत बसून चौघे जे बोलतात, त्यातला शब्दन् शब्द त्या वयाचा आहे. शिरोडकरचा एक कटाक्ष आणि देशातली आणीबाणी यांत मोठे काय, याविषयी जोशीच्या मनात शंका नाही. ही कादंबरी कुमारांसाठी म्हणून आलेली नाही, परंतु ती आपलीच आहे हे त्यांनी परस्पर ठरवून टाकले. शिव्या आहेत म्हणून शाळेच्या ग्रंथालयात ती नको, असे म्हणणारे सहकारी मला भेटले आहेत. मधल्या सुट्टीत पटांगणावर एक फेरी मारावी, एवढेच त्यांना सुचवावेसे वाटते.

‘शाळा’बद्दल माझी खरी अडचण दुसरीच आहे. शिरोडकर आपल्याला फक्त जोशीच्या बाकावरून दिसते. कादंबरीच्या शिस्तीत ते योग्यच आहे. जोशीला तिच्या मनातले कळले असते तर ती ‘शाळा’ राहिली नसती. पण मग शिरोडकरच्या बाकावरून लिहिलेली कादंबरी कुठे आहे? त्या घटनेनंतर सुऱ्याने मार खाल्ला हे आपल्याला कळते; केवड्याच्या घरी त्या रात्री काय झाले, ते कोणी सांगत नाही. माझ्या वर्गात मुलींची संख्या मुलांहून अधिक असते आणि हा प्रश्न त्या दरवर्षी विचारतात. मी त्यांना कादंबरीचे नाव सांगू शकत नाही. मी आत्मकथनांकडे बोट दाखवते. शांताबाई कांबळे यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’, कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’, ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’. त्यांत मुलीची शाळा आहे आणि वर्गातली जातही आहे. ही जात आपल्या कुमार कादंबरीने बहुधा दाराबाहेरच ठेवली. ‘आयदान’मध्ये शेण काढायला लावणारे गुरुजी आहेत आणि त्यांना जाब विचारणारी, सुपे-टोपल्या विणणारी आईदेखील आहे. ‘श्यामची आई’ घरोघरी पोहोचली. ही आई मात्र माझ्या विद्यार्थिनींना पहिल्यांदा भेटते ती एम.ए.च्या अभ्यासक्रमात, वयाच्या एकविसाव्या वर्षी.